गावाला गेलेली खार

ऑफिसात त्याला सगळे मामा म्हणत. खरं तर तो एकाच मुलीचा मामा. पण ती मुलगी, टिचकी, एकदा सुट्टीत त्याच्याबरोबर आली, दिवसभर "मामा, मामा" करत टेबलांमधून फिरली, आणि दुसऱ्या दिवसापासून संपादकबाईंपासून चहा आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा तो मामा झाला. पोट सुटलेला, चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधणारा, लग्नाच्या फंदात न पडलेला हा माणूस वर्षानुवर्षं एकच काम करत आला होता. जुन्या परीकथांमधली माणसं काढायची आणि त्यांच्या जागी प्राणी बसवायचे.

ऐकायला गंमत वाटते. करून बघा म्हणजे कळेल.

हे काम बुटांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चाले. तिथून निघणारी पुस्तकं जाड पुठ्ठ्याच्या पानांची, कोपरे गोल केलेली, वाचून झाल्यावर चावली तरी चालतील अशी. गोष्टी जगभर फिरून गुळगुळीत झालेल्या. राजा, राणी, चेटकीण, शाप, बुरूज. मामाने त्यातला एकेक माणूस उचलायचा आणि त्याच्या मापाचा प्राणी शोधायचा. राजाच्या जागी सिंह बसवणं कोणालाही जमेल. पण बुरुजात कोंडलेल्या राजकन्येच्या जागी कोण? मांजर बसवली तर ती खिडकीतून उडी मारून चालती होते आणि गोष्ट दुसऱ्याच पानावर संपते. हत्तीण बसवली तर तिला बुरुजात घालायची कशी इथपासून तयारी. कासव बसवलं तर ते जन्मापासून स्वतःच्याच बुरुजात बसलेलं, त्याला कोण कशाला सोडवतंय! अशा एकेका प्रश्नावर मामा आठवडेच्या आठवडे घालवी आणि उत्तर सापडलं की खाली जाऊन बुटांच्या दुकानदाराला सांगून येई. दुकानदार बिचारा मापं घेता घेता मान डोलवी.

हल्ली मात्र खाली जाण्याचे प्रसंग येईनासे झाले होते.

एकट्या लांडग्याचं काय झालं ते बघा. मामा नवा होता तेव्हा लांडगा सरळ खायचा. काही वर्षांनी तो न चावता गिळायला लागला, म्हणजे पोट कापून सगळ्यांना अख्खं बाहेर काढता यावं. मग गिळणंही गेलं, नुसता घाबरवायचा. मग पालक म्हणाले, घाबरवतो कशाला? तेव्हापासून तो झाडामागून मोठ्याने शिंकतो आणि सॉरी म्हणतो. गेल्या वर्षीच्या पुस्तकात लांडगा गाजर खात होता. मामाने ते पान छापून आल्यावर कपाळाला हात लावला आणि दुपारभर तसाच बसला. चहा गार झाला.

संपादकबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, मामाला त्यांच्यावर मनापासून चिडता तरी आलं असतं. पण फोन त्यांनाच घ्यावे लागत. कोणाची मुलगी झोपेत दचकली, कोणाचा मुलगा बेडकाच्या शापाची गोष्ट वाचल्यापासून आंघोळीला जाईना, कोणाच्या आजोबांना चेटकिणीचं नाक आपल्यासारखं वाटलं. बाई सगळ्यांचं ऐकून घेत, दिलगिरी व्यक्त करत आणि फोन ठेवून मामाकडे बघत. "मामा, थोडं मऊ करू या ना," असं म्हणत. मामा मान हलवी. मग जिना उतरताना एकेका पायरीला जे काही बोले ते लहान मुलांच्या पुस्तकात घालण्यासारखं नसे.

आता घरचं.

मामाची धाकटी बहीण ऑपरेशनला म्हणून दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. साधं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी, असं सगळे म्हणत होते. टिचकी तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिला आजीकडे, म्हणजे मामाच्या घरी आणून ठेवली होती. ती राहिलीच मग. तिचा बाप, मामाचा मेहुणा, दुसऱ्या शहरात पूल बांधायच्या कामावर होता. तो शनिवारी येई आणि रविवारी संध्याकाळी परत जाई.

आईचं पोरीला काय सांगायचं हे आजीने ठरवलं. डोळे पुसून झाल्यावर तिने मामाला आणि मेहुण्याला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाली, "आई गावाला गेलीय म्हणून सांगा. पोर लहान आहे. मोठी झाली की आपोआप कळेल." मेहुणा फरशीकडे बघत राहिला. मामाने तोंड उघडलं, आजीचा चेहरा बघितला आणि मिटलं. एवढ्यावर त्या घरात आई गावाला गेली.

पण टिचकी काही अर्ध्यावर सोडणारी नव्हती. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, कुठल्या गावाला? आजी म्हणाली, लांब. बाप म्हणाला, समुद्राच्या पलीकडे. मामाला काय सुचलं कोण जाणे, तो म्हणाला डोंगरावर. टिचकीने तिन्ही उत्तरं मनात ठेवली आणि शनिवारी बाप दारात उभा राहिला तेव्हा विचारलं, "बाबा, तू गावाला जातोस आणि शनिवारी येतोस. आईच्या गावाला शनिवार नसतो का?" मेहुण्याने बॅग खाली ठेवली आणि हातपाय धुवायला गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

मग तिने विचारणं कमी केलं आणि साठवणं सुरू केलं. एका रिकाम्या काडेपेटीत ती आईला दाखवायच्या वस्तू ठेवू लागली. कबुतराचं पीस, शाळेत मिळालेली चिकटवायची चांदणी, मामाच्या ऑफिसात पानांचे कोपरे गोल कापताना पडणारे पुठ्ठ्याचे इवले तुकडे. पुढचा दात पडला तेव्हा तोही पेटीत गेला. "आई आली की आधी दात दाखवणार," ती म्हणाली. आजीने पदर तोंडाला लावला. मामा गॅलरीत गेला आणि कुंड्यांना पाणी घालू लागला. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

त्याला स्वतःचा संताप येत होता. आईचा, म्हणजे टिचकीच्या आजीचा येत होता, मेहुण्याच्या मुकेपणाचा येत होता, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. आयुष्यभर लहान मुलांशी बोलण्याचा पगार घेणारा माणूस, आणि घरातल्या एका मुलीला एक वाक्य सांगता येईना. रोज संध्याकाळी तो ठरवून तिच्याजवळ बसे. रोज ती दात नसलेल्या जागेतून जीभ काढून दाखवी आणि रोज याचं अवसान गळे.

तेव्हा त्याने एक लबाडी योजली. आपल्या तोंडून जे निघत नाही ते पुस्तकातून निघू दे.

त्याने एक फार जुनी गोष्ट काढली. आई मेलेल्या मुलीची, सावत्र आईची, आणि आईने लावलेलं झाड मुलीच्या पाठीशी उभं राहतं त्याची. अशा गोष्टींमध्ये आई बहुतेक पहिल्याच ओळीत मेलेली असते. पूर्वीच्या सांगणाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे, कारण ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी पोरं तशीच असत. या वेळी प्राणी बसवायला मामाला आठवडे लागले नाहीत. खार! खार अक्रोड जमिनीत पुरते आणि कितीतरी तसेच राहून जातात. राहिलेल्याचं झाड होतं. म्हणजे आई खार अक्रोड पुरते आणि मरते, पोर एकटी पडते, आणि एक दिवस आईने पुरलेला अक्रोड उगवतो. मामा कित्येक महिन्यांनी खाली जाऊन बुटांच्या दुकानदाराला सांगून आला. दुकानदाराच्या हातातला बूट तसाच राहिला. "वा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला.

गोष्टीची सुरुवात अशी होती: "एक होती खारुली. तिची आई मेली होती."

मामाचा सगळा जीव या दुसऱ्या वाक्यात होता. पुस्तक छापून येईल, टिचकीला मांडीवर घेऊन तो वाचेल, ती विचारेल, मेली म्हणजे काय, आणि मग पुढचं आपोआप होईल. हे त्याने ऑफिसात कोणालाही सांगितलं नाही. बहीण गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. पोरीला काय सांगितलंय ते कोणाला माहीत नव्हतं.

संपादकबाईंनी गोष्ट वाचली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सुंदर आहे, मामा. फक्त ते दुसरं वाक्य."

"तेच तर वाक्य आहे," मामा म्हणाला.

"पहिल्याच पानावर मरण? तीन वर्षांच्या मुलाला? फोन मला येतात, तुम्हाला नाही."

मग ते घोंगडं भिजत पडलं. बाई म्हणाल्या, "आई झोपली होती" करू. मामा म्हणाला, मग एकही पोर झोपणार नाही. बाई म्हणाल्या, "आई तारा झाली." मामा म्हणाला, खार तारा झाली तर अक्रोड कोण पुरणार, चंद्र? चित्रकार मध्येच म्हणाला की तारा काढायला सोपा पडेल. हा चित्रकार म्हातारा, हाताने भला, पण प्रत्येक प्राण्याच्या हातात पिशवी दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यात गोष्टीच्या शेवटी राजपुत्राच्या जागी हरीण होतं. त्याने हरणाच्या खुरांशेजारी खारुली काढून दाखवली आणि विचारलं, "अरे, यांचं लग्न कसं लावायचं? ही त्याच्या पायाखाली येईल." त्यात दुपार गेली. लग्नाची मैत्री झाली. सावत्र आईबद्दल बाई म्हणाल्या, "हल्ली कितीतरी घरांत दुसरी आई असते, चांगली असते. तिला मुंगूस करून दात दाखवायला लावायचं?" हे मामाला पटलं. सावत्र आई जाऊन तिथे शिस्तीची मुंगूसकाकू आली. पण दुसरं वाक्य तो सोडेना.

आणि एका सकाळी बाई आनंदाने त्याच्या टेबलाशी आल्या. "सुचलं, मामा! कोणी मरायला नको, कोणी तारा व्हायला नको. साधं, घरगुती. 'तिची आई गावाला गेली होती.'"

मामाने हातातला कागद खाली ठेवला. तो त्यांच्याकडे बघत राहिला. सांगायचं तर हीच वेळ होती. बाई, हेच वाक्य आम्ही घरी वर्षभर वाचतोय आणि पोर दात सांभाळत बसलीय, एवढं म्हटलं असतं तर बाईंनी जागच्या जागी ते खोडून टाकलं असतं. पण मामाचा गळा ऐनवेळी दगा देणारा. त्याने चष्मा कपाळावर चढवला, पिशवी उचलली आणि जिना उतरला. बाईंना वाटलं, मामा चालेल म्हणाले.

मग काय, सगळे त्या वाक्याच्या मागे लागले. चित्रकाराने पहिल्या पानावर लाल बस काढली, खिडकीत आई खार, हातात अर्थातच पिशवी, बाहेर खारुली हात हलवतेय. आई गावाला गेली म्हणजे अक्रोड पुरायला कोणी नाही, म्हणून तो माळी अस्वलाने लावला. मुंगूसकाकू शेजारीण म्हणून लक्ष ठेवायला आली. झाड उगवलं, हरीण आलं, मैत्री झाली, सगळ्यांनी नाच केला. मरण काढल्याच्या आनंदात एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. बसमध्ये बसलेली आई पुस्तक संपेपर्यंत परत येतच नव्हती.

मामाचं लक्ष गेलं होतं. तो बोलला नाही. मुद्दामच बोलला नाही, खुनशीपणाने. त्याने सगळा भरवसा ऐकवणीवर ठेवला होता.

ऐकवणी म्हणजे त्या ऑफिसातली शेवटची परीक्षा. छापायला जाण्याआधी पुस्तकाची एक नमुना प्रत करायची, ऑफिसातल्यांची आणि आसपासच्या इमारतींतली पोरं गोळा करून सतरंजीवर बसवायची आणि लेखकाने ती वाचून दाखवायची. नियम कडक. लेखकाने फक्त वाचायचं. मुलांनी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, हसायचं नाही, खुणावायचं नाही. लेखक काही प्रत्येक घरी पुस्तकाबरोबर जात नाही, असं बाईंचं म्हणणं. बाई कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसत आणि पोरं जिथे अडत ते पान बदलत. नियम बाईंचा होता आणि मामाला तो मनापासून मान्य होता. पोरं विचारतील, आई कुठेय? सगळी विचारतील. मग बाईंनाच नाक मुठीत धरून त्याचं वाक्य परत आणावं लागेल. फक्त त्या दिवशी टिचकीला आणायचं नाही, एवढं त्याने पक्कं केलं होतं.

नेमका त्याच दिवशी आजीला डोळ्यांच्या डॉक्टरने बोलावलं. शाळेला सुट्टी. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप. मामाने घरात भांडी आपटली, टिचकीला घेऊन ऑफिसात आला आणि तिला बाहेरच्या खोलीत कोपरे कापण्याच्या यंत्राजवळ बसवलं. "इथेच बस. तुकडे वेच. आत यायचं नाही."

"ऐकवणीला पण नाही?"

"आजची लहान मुलांची आहे."

ही चूकच झाली. सहा वर्षांच्या मुलीला लहान मुलांपासून वेगळं काढलं की ती आत आल्याशिवाय राहत नाही. मामाने पहिलं पान उघडलं तेव्हा टिचकी दाराला टेकून उभी होती. काडेपेटी मुठीत.

आता थांबता येत नव्हतं. बाई पेन्सिल सावरून बसल्या होत्या, पोरं माना वर करून बघत होती. मामाने वाचलं, "एक होती खारुली. तिची आई गावाला गेली होती."

टिचकी दारातून सतरंजीवर आली आणि सगळ्यांच्या पुढे बसली.

त्याने गोष्ट वाचली तशी आयुष्यात कुठली वाचली नसेल. मुंगूसकाकूच्या जागी हरणाचा आवाज लागला, अस्वल बोबडं बोललं. टिचकी एकदाही हसली नाही. ती पान उलटलं की आधी कोपऱ्याकोपऱ्यात बघे, मागच्या झाडीत बघे, रस्त्यावर बघे. नाचाच्या पानावर तिने प्रत्येक प्राणी बोटाने तपासला. गोष्ट संपली. मामाने पुस्तक मिटलं.

"मामा," टिचकी म्हणाली, "ती परत कधी आली?"

मामा गप्प. नियमच होता.

"पान राहिलं का?" तिने उठून पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, शेवटची पानं पुन्हा उघडली, मागचा पुठ्ठा बघितला. "बसमध्ये बसली ना ती? मग उतरली कुठे?"

"ती मेली असणार," दोन वेण्यांची एक मुलगी सतरंजीवर लोळत म्हणाली. "आमच्या मांजरीला पण गावाला गेली म्हणत होते. मांजर कशाला जाईल गावाला? तिचं काय काम तिकडे?"

पोरं खिदळली. एकाने खार बसचं तिकीट कसं काढते ते करून दाखवलं. बाईंची पेन्सिल भराभर चालत होती. मामाला हवं होतं ते सगळं होत होतं, अगदी ठरवल्यासारखं, आणि त्याला जमिनीने गिळलं तर बरं असं वाटत होतं.

टिचकी त्याच्याकडे वळली. "मेली?"

बाईंनी मान वर केली आणि त्याला डोळ्यांनी सांगितलं, बोलू नका. ऐकवणीचा नियम. मामाला एकदम सगळ्यांचा वीट आला. या नियमाचा, त्या लाल बसचा, गाजर खाणाऱ्या लांडग्याचा, दार लोटून घेतलेल्या निर्णयांचा आणि वर्षभर कुंड्यांना घातलेल्या पाण्याचा.

"खारुलीची आई मेली होती," तो म्हणाला. "मी तसंच लिहिलं होतं."

"मग खोटं का वाचलंस?"

मामाने चष्मा कपाळावर चढवला.

"आणि माझी?"

पोरांचं खिदळणं थांबलं. लहान मुलांना असलं काही बरोबर कळतं, ती गप्प होतात. मामा खुर्चीवरून उतरला आणि पोट सांभाळत तिच्यासमोर सतरंजीवर बसला. "तुझी आईपण मेली, टिचके. दवाखान्यात. ती गावाला गेली नव्हती."

टिचकी बसच्या चित्राकडे बघत राहिली.

"म्हणजे येणार नाही."

"नाही."

"शनिवारी पण नाही."

"नाही."

तिचं तोंड वाकडं झालं, आधी रागाने. तिने काडेपेटी त्याच्या छातीवर फेकून मारली. पीस, चांदणी, पुठ्ठ्याचे तुकडे सगळे सतरंजीभर झाले. "मग मी दात कशाला ठेवला?" ती ओरडली. "कशाला ठेवला मी दात? तू रोज गोष्टी सांगतोस! रोज सांगतोस आणि हे नाही सांगितलंस!" ती दोन्ही मुठींनी त्याला मारत सुटली. मामाने मार खाल्ला. मग ती रडली, आणि तो रडला, आणि दोन वेण्यांची मुलगी सतरंजीवर रांगत जाऊन दात शोधून घेऊन आली. "हा घे," ती म्हणाली, "फुटला नाही."

बऱ्याच वेळाने टिचकीने नाक त्याच्या शर्टाला पुसलं. "पहिल्यापासून वाच," ती म्हणाली. "नीट वाच."

मामाने पुस्तक उघडलं, पण पानाकडे न बघताच म्हणाला, "एक होती खारुली. तिची आई मेली होती." आईने पुरलेला अक्रोड, उगवलेलं झाड, सगळं त्याने जसं लिहिलं होतं तसं सांगितलं. पोरांनी एकही प्रश्न विचारला नाही. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली होती.

पोरं गेल्यावर बाई त्याच्याजवळ आल्या. "मामा, मला एकदा सांगायचं होतंत हो. मी ते वाक्य ठेवलं असतं."

"तुम्ही दया म्हणून ठेवलं असतं," मामा म्हणाला. "मला ते गोष्ट म्हणून ठेवायचं होतं." हे अर्धंच खरं होतं आणि ते दोघांनाही कळलं.

घरी आजीने त्याला धारेवर धरलं. "ऑफिसात? चार लोकांसमोर? पोरीला जवळ घेऊन, समजावून सांगायची ही गोष्ट!" "मग घ्यायचं होतंस जवळ," मामा ओरडला, "वर्ष होतं तुझ्याकडे!"  औषध घातलेले डोळे मिटून आजी खुर्चीत बसून राहिली. टिचकी तिच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, "आजी, आता तू माझ्यासमोर रडलीस तरी चालेल." आजी त्या दिवशी जशी रडली तशी स्वतःची मुलगी गेली त्या दिवशीही रडली नव्हती. शनिवारी मेहुणा आला तेव्हा दार टिचकीने उघडलं. "बाबा, मला कळलं," ती म्हणाली. मेहुणा बॅगेसकट दारातच खाली बसला आणि त्याने तिला घट्ट धरलं.

आता वाटेल की पुस्तक मामाच्या मनासारखं छापून आलं. छे! बस गेली, अस्वल गेलं, अक्रोड आईकडे परत आला, पण बाईंचा फोनवरचा अनुभव दांडगा. मधला मार्ग निघाला. छापून आलं ते असं: "एक होती खारुली. तिला आई नव्हती." मामा ती प्रत घेऊन जिन्याच्या प्रत्येक पायरीवर बोलत उतरला. "नव्हती म्हणजे? होती! होती म्हणून तर अक्रोड पुरला!" बुटांच्या दुकानदाराने निमूटपणे मान डोलवली. मामा अजूनही त्या वाक्यावर चिडतो. टिचकी चिडत नाही. ती आता स्वतः वाचते, आणि त्या ओळीपाशी आली की छापलेलं सोडून "मेली होती" असं मोठ्याने म्हणून पुढे जाते.

पुस्तक घरी आलं त्याच आठवड्यात एका सकाळी मामा गॅलरीत गेला तर टिचकी चमच्याने कुंडी उकरत होती. शेजारी काडेपेटी. तिने ती खड्ड्यात ठेवली, माती लोटली, वरून हाताने थापटली.

"दात आहे त्यात?" मामाने विचारलं.

"सगळंच आहे." ती मातीकडे बघत होती. "मामा, उगवेल?"

मामाच्या तोंडावर आलं होतं, बघू या, पाणी घालत राहा, कोण जाणे. इतक्या वर्षांची सवय. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"नाही, टिचके. नाही उगवणार."

"माहितीये मला," टिचकी म्हणाली आणि तिने पाणी घातलं.